कॅमेरा, इंद्रधनुष्य आणि आबा

मर्फी नावाच्या गृहस्थाने जे नियम सांगून ठेवलेत, त्यात कॅमेऱ्याचा एखादा नियम असायलाच हवा होता. नसेल तर आज मी घालतो: कॅमेरा सोबत घेतला की जगात काहीही घडत नाही, आणि कॅमेरा घरी ठेवला की सगळं एकदम घडतं.

पुरावे माझ्याकडे भरपूर आहेत. भिगवणला उजनीच्या पाण्यात तासभर एका पायावर ध्यान लावून उभे असलेले फ्लेमिंगो ज्या क्षणी एकसाथ उडाले, त्या क्षणी माझ्या हातात कांदाभजी होती. सिंहगडावर एका पहाटे ढग पायाखाली आणि आम्ही वर असा प्रकार झाला, तेव्हा कॅमेरा मित्राच्या घरी चार्जिंगला होता. लक्ष्मी रोडवर ढोलाच्या नादावर खांद्यावरच्या नातवासकट नाचणारे एक सत्तरीचे काका दिसले, तेव्हा मी 'गर्दीत कशाला उगाच' म्हणून कॅमेरा कपाटात ठेवून आलो होतो. तुमच्याकडेही अशी यादी असणार. प्रत्येकाकडे असते.

माझ्या यादीत बरीच वर्षं पहिल्या नंबरावर एकच फोटो होता. सुप्याचा. आता तो पहिल्या नंबरावर नाही. का नाही, ते सांगायला आजचा हा शनिवार खर्ची घालतोय.

तर सुपा. बारामतीकडचं सुपे नव्हे, पुणे-नगर रस्त्यावरचं, पारनेर तालुक्यातलं सुपा. वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव करत शिरूर गाठायचं, घोड नदी ओलांडली की नगर जिल्हा लागतो. (जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं. माझ्या तोंडून अजून 'नगर'च येतं, सवय जायला वेळ लागेल.) पुढे थोड्या वेळात सुपा. आता तिथे मोठी एमआयडीसी आहे, पण माझ्या लहानपणी सुपा म्हणजे गावाला जायला एसटीतून उतरायचं ठिकाण. तिथून आत काही किलोमीटरवर आमचं गाव. पर्जन्यछायेचा मुलूख. बाजरी, मूग, कांदा आणि आभाळाकडे बघत बसणं, ही मुख्य पिकं.

पाऊस या भागाला हात राखून देतो, पण वारा मात्र मनसोक्त. त्यामुळे दोन हजार सालाच्या आसपास सुप्याजवळच्या कवड्या डोंगराच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. गावात त्यांना कुणी पवनचक्की म्हणत नसे. 'पंखे' म्हणत. आबा, म्हणजे माझे आजोबा, त्यांच्यावर नाराज होते. "पंखा वारा देतो का वारा खातो? ह्यो तर खातोय," असं त्यांचं म्हणणं. तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर.

सप्टेंबर २००६. नोकरी लागून वर्ष झालं होतं. शुक्रवारी हापिसातून लवकर सटकून बाईकवर गावाला निघालो होतो. सुप्यात चहा घेतला, गावाच्या रस्त्याला वळलो, आणि माळावर आल्यावर गाडी आपोआप थांबली. म्हणजे मीच थांबवली, पण मला तसं आठवत नाही.

आता हे जरा नीट सांगायला हवं. पावसाळ्यात इथला वारा पश्चिमेकडून येतो आणि पवनचक्की आपलं तोंड वाऱ्याकडे वळवून घेते. म्हणजे सगळ्या चक्क्या मावळतीकडे तोंड करून उभ्या. माझ्या पाठीमागे ढगांखालून सूर्य निघालेला, त्यामुळे ती पांढरी पाती सोन्याचा मुलामा दिल्यासारखी. चक्क्यांच्या मागे पूर्वेला काळंकुट्ट आभाळ, तिकडे पाऊस चालू. आणि त्या काळ्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत इंद्रधनुष्य. एक नाही, दोन! बाहेरचं जरा फिकट, उलट्या रंगांचं. हे कमी म्हणून की काय, खालून एक धनगर मेंढरं घेऊन निघालेला. दिवाळीनंतर कोकणाकडे उतरणारे हे लोक पावसाळ्यात पठारावर असतात. ओल्या मेंढ्यांच्या कडांना उजेड लागलेला, धनगराचं लाल पागोटं, वर दोन इंद्रधनुष्यं, मधे गरगरणारे पंखे.

आणि माझ्या खिशात फोन होता. त्या फोनला टॉर्च होता. कॅमेरा नव्हता.

पाच-सहा मिनिटं तो देखावा टिकला असेल. त्यातला निम्मा वेळ मी हळहळण्यात घालवला. घरी पोचल्यावर आबांना सगळं वर्णन करून सांगितलं, कॅमेरा नसल्याचं दुःखही सांगितलं. ते तंबाखू मळत शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "यील की परत. डोंगर कुठं पळून चाललाय व्हय? पुढच्या बारीला मला बी ने, मी बी बघतो."

पुढच्या बारीला मी त्यांना नेलं.

सप्टेंबर २००७. दरम्यान बोनस मिळाला होता आणि त्यातला बराचसा एका डिजिटल कॅमेऱ्यात गेला होता. पाच मेगापिक्सेल, दोन पेन्सिल सेल, ५१२ एमबीचं कार्ड. आजच्या पोरांना हसू येईल, पण तेव्हा मी तो कॅमेरा रुमालात गुंडाळून ठेवायचो. आबांना बाईकवर मागे बसवलं. धोतर, पांढरी टोपी, हातात काठी, वय सत्तरच्या पुढे. काठी आडवी धरल्यामुळे समोरून येणारी वाहनं आम्हाला आदराने जागा देत होती. पठारावर पोचलो.

इंद्रधनुष्य नव्हतं. अर्थातच नव्हतं (पहा: नियम पहिला). पण पंखे होते, ऊन होतं, ढग होते, आणि कॅमेरा होता. मी सुटलो. खालून, आडवं पडून, गवताच्या तुऱ्यांमधून, सूर्य पात्याआड लपवून. खाली उभं राहिलं की दर सेकंदाला एक पातं डोक्यावरून जातं आणि 'व्हूऽऽप' असा आवाज येतो. मी त्या लयीत क्लिक करत होतो.

आबा बोलत होते. आधी पंख्यांबद्दल, मग पलीकडच्या वस्तीबद्दल, मग बहात्तरच्या दुष्काळाबद्दल. दुष्काळाच्या कामावर ते आणि आजी दोघंही होते. खडी फोडली, बांध घातले. मजुरी, वर सुकडी मिळायची. रेशनला ती लाल मिलो ज्वारी यायची, तिच्या भाकरी आजीला काही केल्या जमायच्या नाहीत. हे सगळं मी 'हं', 'हं का', 'अरे वा' करत ऐकत होतो. म्हणजे ऐकत नव्हतो. प्रोसेसर एकच, आणि तो पूर्ण एक्स्पोजरला लावलेला.

मग आबा माझ्यापुढे दोन पावलं आले, काठीने खाली दरीत दाखवलं आणि म्हणाले, "त्यो पाझर तलाव दिसतोय का? त्याच्या भिताडात माझं आन् तुझ्या आजीचं एक..."

आणि मी म्हणालो, "आबा, जरा बाजूला व्हा ना, फ्रेममध्ये येताय."

ते बाजूला झाले. रागावले वगैरे अजिबात नाहीत. "आरं हां हां," म्हणून लगबगीने बाजूला झाले, उलट मलाच विचारलं, "एवढं बास का आजून सरकू?" मग एका दगडावर जाऊन बसले, चप्पल काढून तळव्यातला काटा बघत राहिले. तलावाचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मीही विचारलं नाही. अंधार पडायच्या आत परत निघालो. कार्डात २१४ फोटो होते.

जानेवारी २००९ मध्ये आबा गेले.

दहाव्याला फोटो लागतो. पाटावर ठेवायला, हार घालायला, नंतर भिंतीवर लावायला. घरात शोधाशोध सुरू झाली आणि तासाभरात लक्षात आलं की आबांचा फोटोच नाही. आईवडिलांच्या लग्नात, १९८१ साली, एका पाहुण्यांनी आग्फाचा क्लिक थ्री आणला होता. त्यात १२० नंबरचा रोल बसायचा आणि एका रोलवर बारा फोटो निघायचे. बारांत नवरानवरी, व्याही, विहिणी आणि गावचे सरपंच आटोपले. आबा त्या वेळी पंगतीत वाढत होते. पुढच्या लग्नांच्या अल्बममध्ये ते आहेत, पण कुणाच्या तरी खांद्याआड, नाहीतर मंडपाच्या कडेला पाठमोरे, आचाऱ्याशी बोलताना.

शेवटी मिळालं ते मतदार ओळखपत्र. १९९३ साली टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना फोटोवाल्या ओळखपत्रांचा आदेश निघाला आणि मग गावोगाव फोटो काढले गेले. आमच्याकडे शाळेच्या अंगणात खुर्ची मांडून काढले होते म्हणे. आबांनी आयुष्यात एकट्याने काढून घेतलेला तो एकमेव फोटो, आणि त्यात त्यांनी नेमके डोळे मिटलेले. नखाएवढा तो फोटो स्टुडिओवाल्याने मोठा करून दिला. त्याच्या परीने त्याने पुष्कळ केलं. पण दोन सेंटिमीटरचा फोटो बारा इंची केला की ठिपके उरतात, माणूस उरत नाही. हे मी, इमेज प्रोसेसिंगचा पेपर पहिल्या वर्गात पास झालेला माणूस, आत्याला समजावून सांगत होतो. आत्या म्हणाली, "तू तर तो भारीतला कॅमेरा घेतला होता ना रे?"

त्या रात्री लॅपटॉप उघडला. २१४ फोटो एकेक करून बघितले. पंखा, पंखा, पंखा, गवत, पंखा. ११७ नंबरच्या फोटोत डाव्या कोपऱ्यात खाली एक पांढरा तुकडा आहे. आधी वाटलं ढग. झूम केल्यावर कळलं, धोतराचा सोगा. शेवटून चौथ्या फोटोत दोन लांबच लांब सावल्या आहेत. एकीच्या हातात काठी आहे. बस्स. १९८१ साली बाराच फोटो होते म्हणून आबा राहिले, आणि २००७ साली २१४ होते तरी राहिले. तेव्हा परवडत नव्हतं. मला सुचलं नाही.

त्यानंतर या विषयावर काहीबाही वाचायचा नाद लागला. (आपल्याला वाईट वाटलं की आपण गूगल करतो, हा आपल्या पिढीचा शोक करण्याचा प्रकार.) अमेरिकेत लिंडा हेंकेल नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंचा एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना संग्रहालयात फिरवलं, काही वस्तू नुसत्या बघायला सांगितल्या, काहींचे फोटो काढायला सांगितले. दुसऱ्या दिवशी विचारलं तर फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवत होत्या. पण ज्यांना वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करायला लावलं होतं, त्यांची आठवण शाबूत होती. म्हणजे दोष कॅमेऱ्याचा नाही, 'काढलाय ना फोटो, आता सुटलो' या वृत्तीचा असावा.

पण मला खरं टोचलं ते २०१७ सालचं संशोधन, अ‍ॅलिक्झांड्रा बराश आणि सहकाऱ्यांचं. त्यांना आढळलं की स्वतःच्या मर्जीने फोटो काढणाऱ्यांना बघितलेलं जास्त चांगलं आठवतं, पण ऐकलेलं कमी. वाचलं आणि दोन मिनिटं तसाच बसून राहिलो. पंख्याच्या पात्यांवरचा गंजाचा डाग मला आजही आठवतो. 'माझं आन् तुझ्या आजीचं एक...' याच्यापुढचा शब्द नाही आठवत. आठवणार कसा? तो मी बोलूच दिला नव्हता.

घरात यावर तर्क झाले. आत्या म्हणते, आजीचं डोरलं कामावर हरवलं होतं, ते म्हणाले असणार: भिताडात एक डोरलं आहे. वडील म्हणतात, छे, "एक वरीस गेलंय" असं म्हणायचं असेल त्यांना. आजी तर आबांच्याही आधी गेलेली. विचारायचं कुणाला?

कार्तिए-ब्रेसाँ हा फोटोग्राफर लोकांचा देवच. योग्य क्षण पकडावा तर त्यानेच. ३० जानेवारी १९४८ ला तो दिल्लीत गांधीजींना भेटला, त्यांना आपल्या फोटोंचं पुस्तक दाखवलं आणि निघाला. थोड्याच वेळात गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या. तो क्षण त्याच्याकडे नाही. मग तो परत आला आणि त्याने माणसांचे फोटो काढले: बिर्ला हाऊसच्या फाटकावर चढून बातमी सांगणारे नेहरू, अंत्ययात्रेतली माणसं. क्षण हुकला तर माणसांकडे वळायचं, हे त्याला कळत होतं. माझा क्षण २००६ साली हुकला, आणि वर्षभराने माणूस समोर येऊन उभा राहिला तर मी त्यालाच बाजूला व्हायला सांगितलं.

म्हणून तो इंद्रधनुष्याचा फोटो आता यादीत पहिला नाही. खरं सांगायचं तर तो यादीतच नाही. इंद्रधनुष्याचं आबांनी सांगितलं तसंच आहे, ते येईल परत. सूर्य एका बाजूला, पाऊस दुसऱ्या बाजूला, एवढंच लागतं त्याला. सुप्याच्या माळावर सप्टेंबरात संध्याकाळी थांबायची तयारी असेल तर कधीतरी दिसेलच. शिवाय तो देखावा मला डोळे मिटून दिसतो, अगदी धनगराच्या पागोट्यासकट. आबांचा चेहरा मात्र डोळे मिटल्यावर मतदार ओळखपत्रातलाच येतो. ही शिक्षा आहे, आणि ती बरोबर आहे.

आता कॅमेरा घरी राहण्याची सोय नाही, तो फोनमध्येच असतो. माझ्या फोनमध्ये एकोणीस हजार फोटो आहेत. हा लेख लिहायच्या आधी सहज मोजलं, वडिलांचे त्यात किती? एकेचाळीस. त्यातले बरेच कुणाच्या तरी वाढदिवसाचे, ज्यात ते मागे उभे राहून टाळ्या वाजवतायत. पावत्यांचे, पार्किंगच्या खांबांचे, व्हाइटबोर्डचे फोटो याहून कितीतरी जास्त. सुधारलो म्हणावं तर हे असं.

मागच्या रविवारी वडिलांना घेऊन गावाला गेलो होतो. येताना सुप्यात चहाला थांबलो. ते बशीत चहा ओतून पितात, अजूनही. मी फोन काढला. ते म्हणाले, "थांब, बशी ठेवतो." म्हटलं, ठेवू नका. क्लिक केलं. फोन खिशात ठेवला आणि विचारलं, "दादा, बहात्तर साली तुम्ही केवढे होता हो?"

"बारा वर्षांचा. भाकरी घेऊन जायचो ना मी कामावर, आई-आबांना."

हे मला माहीतच नव्हतं! एवढ्या वर्षांत कधी विचारलंच नव्हतं. मग दुसरा चहा सांगितला, मग तिसरा. ते दीडेक तास बोलत होते. कोणत्या वाटेने जायचे, खडीच्या ढिगावर बसून आई कशी जेवायची, मिलोची भाकरी तव्यावरच कशी तुकडे व्हायची. तलावाच्या भिंतीबद्दल त्यांना काही ठाऊक नाही. पुढच्या वेळी दोघांनी जाऊन बघून यायचं ठरलंय. डोरलं थोडंच सापडणार, पण भिंत तरी नीट बघू.

रात्री घरी आल्यावर फोटो बघितला. मागे अर्धा ट्रक आलाय, उजेड चुकीच्या बाजूने आहे, आणि दादांनी डोळे मिटलेत. खानदानी सवय दिसते.

दुसरा काढायला हवा. हाही ठेवलाय.